झोपेचा रकाना

डोंगरकडा, ता. कळमनुरी
मार्च महिना, हळद शिजवायचे दिवस
(तारीख वहीत आहे आणि वही शिवकन्येच्या ताब्यात आहे.)

तीर्थस्वरूप शालूआक्का,

धाकट्या भागवतचा दंडवत घ्यावा. दाजींनाही दंडवत सांग, पण त्यांचा जरा कोरडा. का ते पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? (परवा दोनदा फोन केला तेव्हाही गुडघ्यांचीच चौकशी झाली हे मला माहीत आहे. पण गुडघ्यांचं काय, रोज वेगळे असतात.) डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस, की बाटली देवळीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? साधना लग्नाच्या आनंदात जेवण सोडून बसली नाही ना? इकडे सर्व क्षेम. 'सर्व क्षेम' हे मी माझ्या जबाबदारीवर लिहितोय. घरात दुसऱ्या कुणाला विचारलंस तर 'थांबा, वही बघून सांगतो' म्हणतील.

तू म्हणशील, खिशात फोन असताना पत्राचा उद्योग कशाला? तर मी फोन कानाला लावला की आपलं शेंडेफळ सोनाजी घड्याळाकडे बघायला लागतो. दहा मिनिटांच्या वर गेलं की माझ्या बायकोला, म्हणजे शिवकन्येला, भुवईने खूण करतो, आणि ती 'बोलणं' या रकान्यात फुली मारते. पत्राला घड्याळ लावता येत नाही. म्हणून आज कोंबड्याच्याही आधी उठून पत्राला बसलो. तांड्यावरचा नेमसिंग दुपारी टेम्पोत हळद घालून वसमतच्या बाजारात चाललाय, वाटेत तुझ्या हाती देईल. दाजींच्या हाती द्यायचं नाही असं त्याला तीनदा बजावलंय.

आता दाजींचंच सांगतो. त्यांनी परवा सोनाजीला फोन करून सुचवलं म्हणे, की साधनाच्या लग्नात मामा म्हणून सोनाजीने उभं राहावं आणि भागवतला आराम द्यावा. आराम! आक्का, आराम म्हाताऱ्या बैलाला देतात. साधनाचं जावळ कुणाच्या मांडीवर काढलं? माझ्या. (तेव्हा तिने माझी नवी पँट भिजवली. सोनाजीची नाही भिजवली. तो त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत पहिला बसला होता.) जिचं जावळ मामाच्या मांडीवर निघालं, तिला बोहल्यावर त्याच मामाने न्यायचं, अंतरपाट धरला की तिच्या मागे त्याच मामाने उभं राहायचं. ही काही ग्रामपंचायतीची जागा नाही की यंदा थोरला आणि पुढच्या खेपेला धाकटा. मी गुलाबी फेटासुद्धा आणून ठेवलाय.

तुझ्या थोरलीच्या लग्नात काय झालं ते मी नाकारत नाही. तीन वर्षं झाली तरी गावात कुणाकडे लग्न निघालं की मंगलाष्टकांच्या आधी लोक माइक लपवतात, हे मी डोळ्यांनी बघतो. मी भटजींच्या हातून माइक घेतला. मी स्वतः रचलेल्या अकरा मंगलाष्टका म्हटल्या, त्यांपैकी दोन नवऱ्या मुलाच्या आजोबांवर होत्या, आणि मुहूर्त टळून गेला. सोनाजीची नवीकोरी मोटारसायकल मी भर मांडवात नवरदेवाच्या चुलतभावाला देऊन टाकली. (ती परत मिळाली, पण आरसे नाही मिळाले.) बँड ठरलेला असताना आणखी दोन बोलावले आणि तिघांना तीन वेगळी गाणी वाजवायला लावली. त्या आठवड्यात मी डोळ्याला डोळा लावला नव्हता, आणि मला मनापासून वाटत होतं की झोप ही आळशी लोकांनी काढलेली पळवाट आहे. त्यानंतरचे चार महिने तर तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. बाजेवरून उठवत नव्हतं. तू दुधात भाकरी कुस्करून भरवायचीस आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं नाटकं आहेत. तूच मला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलंस. ते मी विसरलेलो नाही, म्हणून तर हे सगळं तुला लिहितोय आणि दाजींना नाही.

तर या सगळ्या छळाची सुरुवात कुठून झाली ते ऐक. दीड महिन्यापूर्वी त्याच दवाखान्यात पेशंट आणि घरच्या माणसांसाठी एक वर्ग ठेवला होता. एका पेशंटबरोबर घरातलं एखादं माणूस यावं अशी त्यांची अपेक्षा. आपल्याकडून जीप भरून गेली. माय, शिवकन्या, सोनाजी, त्याची बायको, आणि शेजारच्या शकुंतलाबाई (त्यांना हिंगोलीत चष्मा करायचा होता, पण त्यांनीही पूर्ण वर्ग केला). तिथल्या मॅडम फार चांगल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की या आजाराला बायपोलर म्हणतात, यात माणसाचं मन काही दिवस फार वर जातं, काही दिवस फार खाली जातं. हा स्वभाव नाही, करणी नाही, साखरेसारखा किंवा बीपीसारखा आजार आहे, गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, अधूनमधून रक्त तपासायचं, आणि माणूस बरा वाटला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. सगळ्यात आधी झोप बिघडते, मग बाकीचं, म्हणून झोपेला जपा. गोळ्या चालू असतानाही कधी मन वर चढायला लागतं, तेव्हा लवकर आलात तर थोडा फेरफार करून भागतं, उशीर केलात तर महिने जातात. घरच्यांनी सोबत करायची, पहारा करायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं. घरच्यांपैकी कुणीही ऐकलं नाही, कारण त्या क्षणी सोनाजी उठून म्हणाला, "मॅडम, म्हंजे ते हळदीच्या भावासारखंच हाय की! तेजी अन् मंदी!" मॅडम हसून म्हणाल्या, असंच समजा. हे दोन शब्द त्या बोलल्या नसत्या तर मी आज सुखी असतो.

(शेवटी मॅडमनी पेशंट लोकांना एक कागद दिला. मन वर चढलं की आपण कुणाचंच ऐकत नाही, तर आत्ता शांत असताना एक नाव लिहून ठेवा, ज्याचं तेव्हाही ऐकाल. सोनाजी मान उंच करून बघत होता. मी तुझं नाव लिहिलं. परत येताना तो जीपमध्ये तोंड फिरवून बसला.)

दुसऱ्या दिवशी घरात वही आली. सोनाजीने पट्टीने रकाने आखले: झोप, बोलणं, हसणं, खर्च, मोठे बेत, चिडचिड, आणि शेवटी शेरा, ज्यात तेजी, मंदी किंवा स्थिर यांपैकी एक लिहायचं. झोपेचा रकाना त्यातल्या त्यात सुसह्य. सकाळी मला विचारतात, मी सांगतो, लिहितात. बाकी सगळं पाळत ठेवून. परवा सोनाजी ओल्या हळदीच्या ढिगावरून घसरून बसला आणि पिवळा होऊन उठला. आक्का, त्याला बघून विहिरीवरच्या पाखरांनासुद्धा हसू आलं असतं. मी हसलो. लगेच शिवकन्या, "अवो, काहून एवढं हसून राहिलात? डोळ्याला पाणी आलं तुमच्या." 'हसणं: जास्त.' दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घसरला. मी मुद्दाम गंभीर राहिलो. 'हसणं: नाही. उदास?' प्रश्नचिन्हासकट. मी म्हणालो ही वही विहिरीत टाकतो, तर 'चिडचिड' आणि 'मोठे बेत' अशा दोन रकान्यांत एकदम नोंद झाली.

बरं, हे घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण रोज सकाळी सोनाजी शेतातून, हळदीच्या कुकरजवळून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडतो, "वैनी, दादाचा आजचा भाव काय?" आणि शिवकन्या ओसरीतून, "स्थिर हाय!" आता वाटेने जाणारा माणूसही विचारतो. परवा कृषी सेवा केंद्रात खत आणायला गेलो तर दुकानदार मालाचा भाव सांगायच्या आधी माझा विचारायला लागला. शकुंतलाबाईंनी तर नवा चष्मा लावून माझ्याकडे बघितलं आणि चढता आहे असा अंदाज सांगून गेल्या.

मायचं वेगळंच. मॅडम म्हणाल्या होत्या की या गोळीवर पाणी भरपूर प्यावं आणि रोजच्या जेवणातलं मीठ एकदम तोडू नये. मायच्या कानात 'पाणी' आणि 'मीठ' एवढेच शब्द गेले. दर अर्ध्या तासाला तांब्या येतो. ताकात मीठ, वरणात मीठ, आणि जेवताना ताटाच्या कडेला वेगळं मीठ, "खा लेकरा, डाक्टरीनबाईनं सांगितलंय." मी बेचाळीस वर्षांचं लेकरू आहे. गोळीने हात जरासा थरथरतो, त्यामुळे चहाची बशी वाजते. बशी वाजली की तिघं एकदम मान वळवतात. आता मी बशी न घेता नुसता कप धरून चहा पितो, आणि त्याचीही 'सवयीत बदल' म्हणून नोंद आहे.

शेवटी मी ठरवलं, यांचं औषध यांनाच पाजायचं. आपल्याकडे हळद शिजवायचे हे दिवस म्हणजे काय, तुला सांगायला नको. पहाटे अंधारात कुकर पेटतात, दिवसभर वाफ, ओल्या हळदीचा वास नाकातून जात नाही, माणसं बोलतात ती ओरडूनच. मी दुसरी वही घेतली आणि चार दिवस सोनाजीची नोंद ठेवली. झोप: चार तास. बोलणं: दोन कानांना दोन फोन, मधल्या तोंडाने मजुरांशी. खर्च: हळद पॉलिश करायचा नवा ढोल, विचारलं नाही कुणाला. मोठे बेत: हळद थेट दुबईला पाठवणार. चिडचिड: झाकणाला लाथ मारली, पाय सुजला, मग पायावर चिडला. शेरा: तेजी, कडक. रविवारी सगळे जेवायला बसल्यावर मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. माय घास थांबवून ऐकत होती. म्हणाली, "मंग ह्यालाबी एक गोळी द्या की." सोनाजी इतका घाबरला की त्या दिवशी जेवून जो झोपला तो कुकरवरची हळद पार गाळ झाली तरी उठला नाही, आणि ते खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

मी मॅडमना फोन करून ही गंमत सांगितली. (सात मिनिटं. सोनाजी झोपलेला होता.) त्या खूप हसल्या. आणि मग म्हणाल्या, भागवतराव, कामामुळे जागणारा माणूस दुसऱ्या दिवशी थकलेला असतो. तुमचे भाऊ थकलेत, त्यांना झोपू द्या. जो जागतो आणि थकत नाही, त्याची काळजी करायची. मी म्हणालो बरोबर आहे. फोन ठेवला. बरोबरच आहे ते.

तर आता तूच तोल आक्का. एकीकडे मी, ज्याच्या सहा आठवड्यांत एक गोळी चुकलेली नाही, ज्याचं रक्त वेळेवर तपासलं, ज्याच्या वहीत झोपेखाली रोज आठ तास लिहिलेले आहेत. दुसरीकडे सुजलेल्या पायाचा दुबईवाला. मामा कोण? मी काही मागत नाही. मंगलाष्टका म्हणणार नाही, माइकच्या वाऱ्याला उभा राहणार नाही. फक्त साधनाच्या मागे उभं राहायचंय. फार तर वेशीपासून मांडवापर्यंत हळदीच्या पानांची कमान करावी असं एक मनात आहे. आणि वऱ्हाड बैलगाड्यांतून आणायचं, एक्केचाळीस गाड्या, प्रत्येक बैलाच्या शिंगांना वेगळा रंग, आणि पहिल्या गाडीत सनई. (नुसता विचार आहे. गाडीवाल्यांपैकी नऊ जणांशीच बोललोय.) लोक म्हणतील, लग्न असावं तर असं. आणि लग्नानंतर त्याच गाड्या फिरवून पंचक्रोशीतल्या सगळ्या हळदवाल्यांना एकत्र आणता येईल, त्याचाही मी आराखडा केलाय, मागच्या पानावर काढून दाखवला आहे, बाण बघत जा.

असो. लिहिण्यासारखं फार आहे पण नेमसिंगचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. दाजींना समजाव. म्हणावं, माणूस आजारी होता म्हणून त्याचं मामापण काढून घेत नाहीत. मायचा तुला आशीर्वाद, साधनाला माझा. मांडवात भेटूच.

तुझा भाऊ,
भागवत
(भाव: स्थिर)

ता. क. बैलगाड्यांचं दाजींना सांगू नकोस.

ता. क. दुसरा. नेमसिंग चहा प्यायला बसलाय म्हणून पत्राची पानं लावून घेतली. सव्वीस भरली. (मागच्या पानांवरचे आराखडे सोडून.) शिवकन्या भाकरी वाढायला आली होती, तिने पानांच्या गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वही काढली नाही. मला वाटलं, काढायला हवी होती.

ता. क. तिसरा. आक्का, हे आता नीट लिहितो. परवा दोनदा फोन लावला तो गुडघ्यांसाठी नव्हता. दोन्ही वेळा तोंडाशी आलं आणि मी गुडघ्यांवर गेलो. गेले पाच दिवस मी दोन-तीन तासांच्या वर झोपलेलो नाही. शिवकन्या आणि सोनाजी पहाटे कुकरवर जातात, ते उठायच्या वेळी मी डोळे मिटून पडतो. सकाळी ती विचारते, 'किती झोपलात?' मी म्हणतो, 'आठ तास', आणि ती आठ लिहिते. एवढं सगळं पत्र मी ओरडत बसलो की माझ्या शब्दावर या घरात कुणाचा विश्वास नाही. सगळ्या वहीत एकच रकाना माझ्या शब्दावर भरतात, आणि तेवढ्याच एका रकान्यात मी खोटं सांगतोय.

आणि मी थकलेलो नाही, आक्का. जराही नाही. मला इतकं बरं वाटतंय की भीती वाटतेय.

ता. क. चौथा. नेमसिंग हॉर्न वाजवून राहिलाय, थोडक्यात लिहितो. आत्ता वही मागून घेतली आणि पाचही दिवसांचे आठ खोडून खरे आकडे लिहिले. शिवकन्येने वाचलं. रागावली नाही, पदराने वहीवरची हळद पुसली आणि म्हणाली, "चला, आजच हिंगोलीला जाऊ." मी लगेच हो म्हणालो, आणि चप्पल घालता घालता तिच्याशी भांडायला लागलो, की गाड्यांचं पक्कं झाल्याशिवाय मला गाव सोडता येणार नाही. म्हणजे बघ, आजचं जाणं राहिलंच. शेतातून सोनाजी भाव विचारून ओरडत होता, तिने उत्तर दिलं नाही, तर तो काम सोडून लंगडत घरी आला आणि मघापासून माझ्या शेजारी बसून आहे.

लग्नाला बावीस दिवस आहेत. मॅडम म्हणाल्या होत्या, लवकर आलात तर भागतं. कागदावर तुझं नाव आहे. नेमसिंग बाजारात माल टाकून संध्याकाळी परत फिरतोय, त्याच्याच टेम्पोत बसून ये, गुडघे दुखले तरी ये. मी इथे कितीही शहाणपणा सांगितला तरी ऐकू नकोस, उद्या सकाळी हाताला धरून दवाखान्यात ने.

मला साधनाच्या मागे उभं राहायचंय, आक्का. रात्रभर झोपून उठलेला मामा म्हणून.